विमानातल्या कॅन बसला (यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या दोन तारांच्या सामायिक वायरिंगला) कॅट-५ केबल चालेल का? शेड वेंगुर्ल्यात, समुद्राला लागून

वेंगुर्ल्याची शेड
घरामागच्या शेडमध्ये दोन आसनी विमान जुळवतोय. पंख, धड झालं, आता वायरिंग. डिस्प्ले, शेपटीतला कंपासचा सेन्सर, इंजिनाचा मॉनिटर आणि ऑटोपायलटचा सर्व्हो (विमानाची नियंत्रणं हलवणारी मोटर), असे चौघे कॅन बसवर बोलणार. घरी इंटरनेटच्या कॅट-५ केबलचं अर्धं रीळ उरलंय. पिळाच्या जोड्या तिच्यातही आहेत, मग ती वापरू का? चौघांच्या वायरी पॅनेलमागे एका ठिकाणी आणून जोडायचा विचार आहे. गेल्या पावसात शेडमधल्या दिव्याची वायर सोलली तर आतलं तांबं काळं पडलेलं. तेव्हापासून धास्ती आहे.

मिरकरवाड्याचा वायरमन
मी बोटींचं वायरिंग करतो. बोटींवरची यंत्रं जोडायचं एनएमईए २००० म्हणजे आतून कॅनच, सेकंदाला २५० किलोबिटवर चालणारं. दादा, ती केबल घरातच राहू दे. घरगुती कॅट-५ ची तार बहुधा एकसंध असते. हादरे बसले की पिनेपाशी तुटते. बारीक तारांची आणि कथिलाचा मुलामा दिलेलीच घ्या. साध्या तांब्यात खारं पाणी कवचाखालून सरकत जातं. काळी पडलेली वायर मी हातभर मागे कापलीय, तरी चकाकणारं तांबं मिळालं नाही.

आणि चौघांना एका गाठीत बांधू नका. एसटीच्या थांब्यांसारखी एकच ओळ हवी, ओळीपासून यंत्रापर्यंतचे फाटे आखूड. आमच्याकडे ६ मीटरपर्यंतचा फाटा चालतो, पण बस १ मेगाबिटची असेल तर ३० सेंटिमीटरच्या वर जाऊ नका.

निवृत्त एव्हिऑनिक्सवाला
वायरमनभाऊंशी सहमत. विमानासाठी टेफ्झेल या प्लास्टिकच्या कवचाची, शील्ड (वरून धातूची जाळी) असलेली पिळाची जोडी घ्या. टेफ्झेल १५० अंश सेल्सिअस सोसतं. पीव्हीसी जळलं की धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, आणि बंद कॉकपिटमध्ये तो धूर तुम्हीच घेणार. कोणी चांदीच्या मुलाम्याची वायर महाग म्हणून चांगली सांगेल. मुलाम्याला कुठे चरा गेला तर दमट हवेत आतल्या तांब्याला लाल गंज धरतो. तुमच्याकडे कथिलच बरं.

पिना क्रिंप करा, म्हणजे वायरीवर दाबून बसवा. डाग दिला तर कथील तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि त्याच्या कडेला वायर तुटते. शील्ड कुठे ग्राउंड करायची ते यंत्राच्या मॅन्युअलप्रमाणे. एरिंक ४२९ मध्ये (विमानातल्या डेटा-वायरिंगची दुसरी पद्धत) ती दोन्ही टोकांना करतात, म्हणून इथेही तसंच असेल असं धरू नका.

ओळीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे दोन तारांमध्ये जोडलेला रोध. वीज बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो या बसच्या दोन तारांमध्ये मोजा, ६० आलं पाहिजे.

वेंगुर्ल्याची शेड
तीन आठवड्यांनी लिहितोय. नवी वायर आली, सगळी ओळ टेबलावर मांडली, टोकांना टर्मिनेटर लावले. मीटर ४० दाखवतोय! दोनदा पिना काढून पाहिल्या.

निवृत्त एव्हिऑनिक्सवाला
१२० चे तीन समांतर आले की ४०. कुठल्यातरी यंत्राच्या डब्यात आणखी एक टर्मिनेटर आहे. एकेक डबा सोडवून मोजत जा.

वेंगुर्ल्याची शेड
सापडला! सर्व्होच्या कनेक्टरमध्ये दोन पिना जोडल्या की आतला टर्मिनेटर चालू होतो, आणि त्या मीच जोडल्या होत्या. सर्व्हो तर ओळीच्या मध्ये आहे. ती जोड काढली, आता ६०. काका, वायरमनदादा, मनापासून आभार. वायर धडात ओढून झाली की शेपटीच्या टोकाकडून पुन्हा मोजतो.