मदत हवी आहे : ऑफिसचा सर्व्हर क्लाउडवर (इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरवर) न्यावा का?

नमस्कार मंडळी. सांगलीत आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. टॅली आणि बिलांचे स्कॅन सगळे कोपऱ्यातल्या जुन्या सर्व्हरवर. लाइट गेली, यूपीएस ओरडायला लागला की सगळ्यांचा जीव टांगणीला. कंपन्यांनी हिशेबाचा बॅकअप रोज भारतातल्याच सर्व्हरवर ठेवावा, असा २०२२ पासून नियम आहे. अ‍ॅमेझॉनची डेटा सेंटर्स मुंबईत २०१६ पासून आहेत, मायक्रोसॉफ्टची पुण्यात, म्हणजे तो प्रश्न मिटला. मला धास्ती बिलाची आहे. डेटा चढवायला पैसे नाहीत, पण मोठा डेटा उतरवून घ्यायला जीबीमागे पडतात. उद्या क्लाउड देणारी कंपनी बदलायची झाली तर? फक्त बॅकअप क्लाउडवर आणि रोजचं काम इथेच, असं कोणी चालवतंय का? महिन्याचा खरा खर्च कृपया सांगा.