व्हिडिओ गेममध्ये 'पहिला' मान कोणाचा?

माडाखालचा :
गणपतीत मुंबईहून आलेल्या भाच्याशी वाद झाला, तोच इथे मांडतो. गेममध्ये गुपित लपवायचं, म्हणजे 'ईस्टर एग'चं खूळ, कोणी काढलं? भाचा म्हणतो वॉरन रॉबिनेट, 'अ‍ॅडव्हेंचर', 1980. अटारी ही गेम बनवणारी कंपनी प्रोग्रामरांची नावं देत नसे, म्हणून पठ्ठ्याने एका गुप्त खोलीत स्वतःचं नाव लपवलं. गोष्ट झकास, पण पहिली नव्हे. अटारीच्याच 1977 च्या 'स्टारशिप 1' या नाणं टाकून खेळायच्या मशीनवर ठरावीक क्रमाने बटणं दाबली की 'हाय रॉन!' उमटतं आणि दहा डाव फुकट. अशा मशीनांत तरी, आजवर सापडलेल्यांपैकी, मान रॉन मिलनरचा. तारीख ती तारीख.

देवगडकर :
नाही पटत दादा. तो 'हाय रॉन' उजेडात आला 2017 साली, चाळीस वर्षांनी! कुणी पाहिलंच नाही तर शिकणार कोण? हापूसची पहिली पेटी वाशीला पोचली की पेपरात फोटो येतो, म्हणून सीझन लागला असं आमच्यात कोणी म्हणत नाही. रॉबिनेटमुळे पोरं भिंती चाचपायला लागली. सीझन तिथून.

माडाखालचा :
फोटो पेटीवाल्याचाच येतो ना? आणि तुमच्या हिशोबाने 'वर वर खाली खाली' हा बटणं दाबायचा गुप्त कोडही 'कॉन्ट्रा'चाच म्हणायचा, कारण आपण सगळे तीस लाइफसाठी तिथेच शिकलो. तो आला 1986 च्या 'ग्रेडियस'मधून. काझुहिसा हाशिमोतो यांना तपासताना गेम झेपेना, म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीला घातला आणि काढायचा राहिला. हे विसरायचं?

खाडीपलीकडचो :
दोघय उगीच भांडतास. आमच्या कॅसेटीर 'लाखभर गेम' लिवलेला, आत मोजून बारा. ही फसवणूक पयली कोणी केल्यान, ता शोधा.

देवगडकर :
😂 हे मात्र खरं.
दादा, 'ग्रेडियस' मान्य, कारण तो कोड लोकांनी तेव्हाच वापरला. डबल जंप, म्हणजे हवेतच मारलेली दुसरी उडी, 1984 च्या 'ड्रॅगन बस्टर'मध्ये होती, तेही मान्य. उडी सगळ्यांसमोर मारलेली. माझा आक्षेप पेटीत कुलूपबंद राहिलेल्या गोष्टींना आहे. उद्या 'स्टारशिप'च्याही आधीचं काही सापडलं, तर मिलनरचा मान काढून घेणार?

माडाखालचा :
घेणार. खोडरबर कशाला असतो?