अनुभव धागा : पापलेट-सुरमई सोडून, समुद्राच्या तळाचे मासे (बडोदेकरांसाठी)

बडोद्यात मासे खाणारी मराठी घरं थोडीथोडकी नाहीत. गायकवाडांच्या नोकरीत आलेली कायस्थ आणि सारस्वत घराणी आहेत, नंतर रेल्वे, रिफायनरी आणि युनिव्हर्सिटीमुळे स्थायिक झालेले कोकणातले लोक आहेत. पण पाहुणे यायचे म्हटलं की सगळ्यांचा हात पापलेटकडे, फार तर सुरमईकडे जातो. शेजारच्या टोपलीत लेप, राणी, ढोमा, मुडदुशी, शिंगाळा, पाकट पडलेले असतात आणि गिऱ्हाईक ते ओलांडून पुढे जातं.

हे सगळे तळाचे मासे. काही वाळूत-चिखलात पडून राहणारे, काही तळालगत पोहणारे, तिथलेच किडे आणि बारीक कोळंबी खाणारे. माझं मत स्पष्ट आहे. बर्फात दिवसेंदिवस पडलेल्या पापलेटपेक्षा पहाटे वलसाडकडून आलेला लेप केव्हाही घ्यावा. आपलं शहर समुद्राकाठी नाही, त्यामुळे माशाच्या नावापेक्षा त्याचा ताजेपणा आधी बघायला हवा.

तर लिहा. कुठून आणलात, स्वतः पकडला असेल तर कसा, साफ कसा केला, घरात कुणी खाल्ला आणि कुणी नाक मुरडलं, सगळं येऊ द्या. नुसती पाककृती नको, तिच्यामागचं सांगा.

दांडिया बाजारहून

लेपापासून सुरुवात करते, कारण आमच्या घरात तो सासूबाईंनी आणला. त्या अलिबागकडच्या. लग्न होऊन बडोद्यात आल्या तेव्हा इथल्या मच्छीवालीकडे लेप मिळायचा, पण तो कुणी मागत नसे. त्यांनी मागायला सुरुवात केली आणि मग ती त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवू लागली.

लेप दिसायला विचित्र खराच. चपटा, जिभेच्या आकाराचा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. अंड्यातून बाहेर पडतो तेव्हा तो इतर माशांसारखाच सरळ पोहतो आणि डोळे दोन बाजूंना असतात. वाढताना एक डोळा हळूहळू डोक्यावरून पलीकडे सरकतो आणि मासा कायमचा एका कुशीवर आडवा होतो. वरची बाजू वाळूच्या रंगाची, खालची पांढरी. माझ्या मुलाला हे सांगितलं आणि त्या दिवसापासून तो लेप खायला लागला. आधी ताटात डोळे बघून उठून जायचा.

साफ करताना डोक्याशी एक छेद द्यायचा, बोटांना मीठ लावून कातडीची कड पकडायची आणि शेपटीकडे ओढायची. ताजा असेल तर कातडी एका दमात निघते. तुटत तुटत निघाली तर मासा जुना आहे असं खुशाल समजा. मग हळद, मीठ, आगळ, आलं-लसूण आणि तिखट लावून अर्धा तास ठेवायचा. तांदळाचं पीठ आणि बारीक रवा निम्मानिम्मा. तव्यावर एका बाजूला तीन मिनिटं पुरतात, जास्त ठेवला की मांस वाळतं. मधला काटा एकच सरळ असतो, तो अलगद उचलला जातो. कडेचे काटे कुरकुरीत झाले की आमच्याकडे त्यांच्यावरून भांडणं होतात.

मांजलपूरहून

माझं आजोळ उंबरगावजवळ. सुट्टी मिळाली की बडोद्याहून सकाळची गाडी पकडून जातो. मामा कोळी नाही, पण गरी टाकण्यात पक्का. मी त्याच्याकडूनच शिकलो.

नारगोळच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनाखाली बसायचं आणि पाण्याकडे बघायचं. सुकती संपून भरतीचं पाणी चढायला लागलं की मासे किनाऱ्याकडे चरायला येतात. त्याच्या आधी गरी टाकण्यात अर्थ नसतो. उधाणाला पाणी फार ओढतं, शिसं एका जागी राहत नाही. भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते ते दिवस बरे.

तळाच्या माशासाठी दोरीच्या टोकाला शिसं हवं आणि ते वाळूला टेकलं पाहिजे. शिशाच्या वर वीतभर अंतरावर गळ. मुडदुशीचं तोंड लहान असतं, त्यामुळे गळ बारीक. आमिष म्हणजे कोळंबीचा छोटा तुकडा किंवा ओल्या वाळूत खणून काढलेले किडे. दोरी बोटावर ताणून धरायची. मुडदुशी टकटक असा हलका झटका देते. शिंगाळा सरळ ओढून नेतो. लेप मात्र काहीच कळू देत नाही, दोरी जरा जड वाटते एवढंच.

मुडदुशीबद्दल मामाने सांगितलेली गोष्ट मी नंतर रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, स्वतः पाहिली. जाळं जवळ आलं की ती वाळूत घुसते आणि जाळं तिच्यावरून निघून जातं. म्हणून रापणवाले जाळ्याचा खालचा दोर वाळूला घासत ओढतात. अशी हाताने काढलेली मुडदुशी त्याच दुपारी कालवणात पडली तर तिच्यापुढे दुसरा मासा नाही. मांस पांढरं, नाजूक, वास जवळजवळ नाहीच. आजारातून उठलेल्या माणसाला आमच्याकडे पहिलं हेच देतात.

शिंगाळा लागला तर घाई करू नका. त्याच्या पाठीवर एक आणि दोन कल्ल्यांमागे दोन असे करवतीसारखे दातेरी काटे असतात, आणि ते विषारी असतात. आधी पक्कडीने मोडायचे, मगच गळ काढायचा.

रावपुऱ्याहून

सगळे दक्षिणेकडे धावताहेत. बडोद्याचा खरा जवळचा समुद्र म्हणजे कावी-कंबोई. इथून ७५ किलोमीटरच्या आसपास. स्तंभेश्वर महादेवाला बरेच जण जाऊन आले असतील, भरतीत पाण्याखाली जाणारं देऊळ म्हणून. देवळामागे उभं राहून ओहोटीच्या वेळी समुद्राकडे नीट बघा. पाणी दिसेनासं होतं आणि नजर पोचते तिथवर चिखल. खंभातच्या आखातातली भरती-ओहोटी देशात सर्वांत मोठ्यांपैकी, भावनगरच्या बाजूला पाणी दहा मीटरहून जास्त चढतं-उतरतं. मही, साबरमती, नर्मदा, तापी सगळ्यांचा गाळ इथेच येतो. इथे पापलेट शोधू नये. हा चिखलातल्या माशांचा मुलूख आहे.

इथे पायी मासेमारी करणाऱ्यांना पगडिया म्हणतात. होडी नाही. ओहोटीत चिखलात खुंट रोवून जाळी बांधायची, भरती येऊन गेली की पुन्हा चालत जाऊन काढायची. गुडघाभर गाळातून हे लोक ज्या वेगाने चालतात ते बघून मी थक्क झालो. पाणी परत फिरायची वेळ त्यांना अंगात भिनलेली असते, आपल्याला नसते. म्हणून त्यांच्या सोबतीशिवाय त्या चिखलात एक पाऊलही टाकू नका. हे मी कळकळीने लिहितोय.

तिथे मला निवट्या मिळाल्या. गुजरातीत लेवटा. डोक्यावर बटबटीत डोळे, पुढच्या परांवर टेकत चिखलावरून उड्या मारणारा मासा. ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून हवा घेतो, म्हणून पाण्याबाहेरही तरतरीत. पगडिया बाई बिळात कोपरापर्यंत हात घालून एकेक काढत होती. बिळाला दोन तोंडं असतात, एक पायाने दाबायचं आणि दुसऱ्यातून हात घालायचा.

त्या ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणल्या. बुळबुळीतपणा जाईपर्यंत राख आणि मीठ लावून चोळायच्या, निदान तीन पाण्यांनी धुवायच्या. आई करायची ते कोकणी पद्धतीचं सुकं मी करत नाही. हिवाळ्यात बडोद्यात हिरव्या पातीचा लसूण येतो, तो मूठभर बारीक चिरून, हिरवी मिरची, कोथिंबीर, भरपूर तेल, आणि झाकण ठेवून मंद आंच. सोबत बाजरीचा रोटला. हे जेवण मुंबईच्या माणसाला मिळणार नाही, ते इथलंच आहे.

फतेगंजहून

राणी मासा. गुलाबी, अंगावर पिवळ्या रेघा, शेपटीच्या वरच्या टोकाला पिवळा धागा. वेरावळला ट्रॉलरवाले तो टनांनी आणतात आणि बराचसा सुरिमीच्या, म्हणजे माशाच्या लगद्याच्या, कारखान्यात जातो. हॉटेलात खेकड्याच्या नावाने मिळणाऱ्या लाल-पांढऱ्या कांड्या असतात ना, त्यांच्यात खेकडा नसून असाच मासा असतो. मग तो आख्खाच का खाऊ नये? मांस मऊ, त्यामुळे आणल्या दिवशीच शिजवा. रंग फिका पडलेला असेल तर घेऊ नका. नारळाच्या रसातलं पातळ कालवण, तिरफळ नको, आमसूल पुरे.

कारेलीबागेतून

मी प्राणिशास्त्र शिकवत असे, म्हणून थोडं जुनं सांगतो. बडोदा शहराला समुद्र नाही, पण बडोदा संस्थानाला होता. ओखामंडळ (द्वारकेचा भाग), कोडीनार आणि नवसारी प्रांताचा किनारा गायकवाडांकडे होता. सयाजीरावांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या समुद्रतज्ज्ञाकडून ओखामंडळाच्या सागरी जीवांची पाहणी करून घेतली. त्या अहवालाचा पहिला भाग १९०९ साली आणि दुसरा १९१६ साली छापला गेला. समुद्रात काय आहे ते आधी मोजा, मग धंदा उभारा, अशी ती दृष्टी. मला तिचा अभिमान वाटतो.

आता ढोम्याबद्दल. २०२३ साली गुजरात सरकारने घोळ हा राज्याचा मासा जाहीर केला. घोळीच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला परदेशात इतका भाव येतो की एखाद्या खेपेत मच्छीमाराचं कर्ज फिटतं. ढोमा त्याच कुळातला, पण त्याला कुणी विचारत नाही. या कुळातले मासे त्या पिशवीजवळचे स्नायू थरथरवून ढोलासारखा आवाज काढतात. त्यांच्या डोक्यात कानाचे दोन पांढरे खडे असतात. खडा कापून भिंगाखाली धरला तर झाडाच्या खोडात दिसतात तशी वलयं दिसतात, आणि त्यावरून वय काढता येतं. ढोमा आणला की मी नातवंडांना खडे शोधायला बसवतो. मग तो तळूनच खावा, मध्यम आकाराचा, आख्खा, दोन्ही बाजूंना चिरा देऊन.

अलकापुरीहून

वाचायला छान आहे सगळं, पण आमच्या सोसायटीत आम्ही सोडून सगळे शाकाहारी. पापलेटला वास कमी म्हणून तेच आणतो. यावर कुणी काही सांगेल का?

दांडिया बाजारहून (पुन्हा)

अहो ताई, वास माशाच्या जातीपेक्षा त्याच्या शिळेपणाचा जास्त असतो. ताजा लेप, मुडदुशी, राणी शेजारी कळतसुद्धा नाहीत. सुके बोंबील मात्र सोसायटीत भाजू नका. ओले बोंबील आणा. त्यांच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणून चिरून, मीठ लावून पाटाखाली दाबायचे, वर वरवंटा. तासाभराने पाणी निघून गेलं की तळा. किंवा आम्हा कायस्थांचं भुजणं करा. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लसूण, कच्चं तेल, सगळं हाताने कालवून बोंबलांवर पसरायचं आणि झाकून शिजवायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. साफ केलेला कचरा कागदात बांधून फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी कचरागाडी आली की द्या.

धागाकर्ता

मधेच एक गोष्ट. तळाचे म्हणून सगळेच मासे बिनधास्त घ्या, असं मला म्हणायचं नाही. ट्रॉलचं जाळं तळ खरवडत जातं, त्यात बोटाएवढी पिल्लं येतात आणि कुटा म्हणून मासळीच्या भुकटीच्या कारखान्यात जातात. तशी पिल्लं बाजारात वाट्यावर स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. पावसाळ्यातली बंदी १ जूनला सुरू होते, आणि गुजरातेत ती अलीकडे १५ ऑगस्टपर्यंत पाळतात. त्या काळात ट्रॉलरचा ‘ताजा’ मासा कुणी विकत असेल तर तो बर्फातला आहे.

वाडीतून

शिंगाळ्याबद्दल वर आलंय, त्यात भर. याची मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात धरून उबवतो. गोटीएवढी अंडी, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो काही खात नाही. असे नर थव्याने फिरतात आणि एका जाळ्यात सगळे सापडतात. तोंडात अंडी असलेला शिंगाळा मी एकदा बाजारात पाहिला आणि तेव्हापासून त्या दिवसांत घेत नाही. एरवी जरूर घेते. मांस घट्ट, काटे मोठे आणि मोजके. चिंच, लसूण आणि भाजलेल्या खोबऱ्याचं झणझणीत कालवण त्याला शोभतं. मुडदुशीचा मसाला याला चालत नाही.

सयाजीगंजहून

पाकट राहिलं. चपटं, चाबकासारख्या शेपटीचं. शेपटीवर विषारी काटा असतो, पण बाजारात येताना तो बहुतेक काढलेला असतो. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घासत न्या, म्हणजे पाकट आधीच सरकतं. तरीही काटा लागलाच तर पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा. दमणच्या किनाऱ्यावर मच्छीमारांनी माझ्या भावाला हेच केलं. अर्ध्या तासात कळ उतरली, मग दवाखान्यात नेलं. काट्याचा तुकडा आत राहतो, म्हणून दवाखाना टाळायचा नाही.

पाकट, मुशी (लहान शार्क) यांच्या अंगात युरिया असतो, मासा जुना झाला की त्याचा अमोनियासारखा उग्र वास येतो. वास आला तर सरळ परत करा. ताजं असेल तर तुकडे हळद आणि चिंचेच्या पाण्यात ठेवून धुवा. हाडं नाहीत, सगळी कुर्च्या, त्यामुळे लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना बिनधोक. शिजवून, धागे सुटे करून, कांदा-खोबऱ्यावर परतलं की माझे वडील आजही दोन भाकऱ्या जास्त खातात. मात्र या कुळातले करवत मासे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहेत, आणि पुढे यादीत आणखी जाती आल्या. त्यामुळे ओळखीच्या कोळणीकडून, कुठलं पाकट आहे ते विचारूनच घ्या.

सापासारख्या लांब वामीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. तिच्या बारीक काट्यांचं काय करता, ते मला खरंच हवंय.