मदत हवी आहे: सायकॉलॉजी पीएचडीसाठी आपल्या विषयाचा गाइड कसा शोधायचा?

तापीकाठ: आठवडाभर विद्यापीठांच्या सायकॉलॉजी विभागांच्या साइट उघडतेय. गाइडच्या नावापुढे 'समुपदेशन' नाहीतर 'आरोग्य मानसशास्त्र', बस. माझ्या विषयावर कोण काम करतं ते कळत नाही. लवकर सांगा, हातात वेळ नाही.

गणूकाका: विषय कोणता? भारतात की बाहेर?

मोहर: आधी नेट परीक्षा दे. त्यात जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर महिना ३७,००० रुपये.

तापीकाठ: नेट झालीय, जेआरएफ नाही. पीएचडी प्रवेशाला ते गुण वर्षभरच चालतात, म्हणून घाई. भारतातच करायचीय. विषय: घरी अहिराणी आणि शाळेत मराठी अशी पहिली-दुसरीतली मुलं वाचायला शिकताना वर्किंग मेमरीवर (हातातल्या कामापुरतं डोक्यात धरून ठेवायची क्षमता) येणारा ताण. एमएचा प्रोजेक्ट धुळ्याजवळच्या शाळांत याच्यावरच केला.

शांतला: हे आधी सांगायचं ना! विभाग नको शोधूस, माणसं शोध. प्रोजेक्टला वापरलेल्या पेपरांचे भारतातले लेखक आज कुठे शिकवतात ते बघ. मग शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध चाळ. हैदराबाद विद्यापीठाचं न्यूरल अँड कॉग्निटिव्ह सायन्सेसचं केंद्र, अलाहाबादचं बिहेवियरल अँड कॉग्निटिव्ह सायन्सेसचं केंद्र, ही बघितलीस? नावात सायकॉलॉजी नाही म्हणून सुटली असतील.

गणूकाका: मला नाही पटत. मुलं धुळ्याची, गाइड हैदराबादेत, फेऱ्या किती मारणार? मी नोकरी सांभाळून जवळच्याच गाइडकडे केली, विषय थोडा त्यांच्याकडे वळवला.

शांतला: काका, शाळांत दोन-तीन महिने राहून माहिती गोळा करता येते. पण चाचणी कशी बांधायची हे गाइडलाच माहीत नसेल तर ती पोरगी विचारणार कोणाला?

रातवा: लक्षात ठेव, साध्या सायकॉलॉजीच्या पीएचडीवर क्लिनिकल प्रॅक्टिस करता येत नाही. आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते.

रानजाई: दोन भाषांचा फायदाच असतो! मेंदूविकारतज्ज्ञ सुवर्णा अल्लाडी यांचा २०१३ चा हैदराबादचा अभ्यास वाच. डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) ६४८ रुग्ण, आणि एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला.

तापीकाठ: प्रॅक्टिस करायची नाहीये. तो अभ्यास वाचलाय, पण माझी मुलं सहा-सात वर्षांची आहेत. आणि एक सांगायचं राहिलं. एका सरांनी होकार दिला होता, दोन महिने त्यांच्यासाठी थांबले. आता कळलं की दोन वर्षांत निवृत्त होतायत. फार मनाला लागलं.

शांतला: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२२ च्या नियमांप्रमाणे निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली की नवा विद्यार्थी घेता येत नाही. शिवाय एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायकाला चार एवढेच विद्यार्थी. म्हणून पहिल्याच मेलमध्ये जागा आहे का ते विचार, आणि प्रोजेक्टचा एक पानी गोषवारा जोड.

तापीकाठ: ताई, हैदराबादच्या यादीत माझ्या प्रोजेक्टमधलंच एक नाव निघालं! आज रात्रीच लिहिते. काका, शाळांच्या परवानगीचं पत्र कोणाच्या नावे?

गणूकाका: जिल्हा परिषदेच्या शाळा असतील तर शिक्षणाधिकारी, प्राथमिक. मुख्याध्यापकांना मात्र आधी स्वतः जाऊन भेट.