मदत हवी आहे: युरोप कोच टूरचा पहिलाच दिवस, विमानतळावरून थेट बसमध्ये. आईबाबांना झेपेल का?

नमस्कार मंडळी. आईबाबा मे अखेरीस ग्रुप टूरने युरोपला चाललेत, पॅरिसला सुरुवात आणि रोमहून परत. आईने सदुसष्टी ओलांडलीये, बाबा त्र्याहत्तरचे. बाकी दिवसांचं टेन्शन नाही, डोकं सगळं पहिल्या दिवसात अडकलंय. मुंबईहून रात्रीचं विमान, मधे एकदा बदलायचं, सकाळी चार्ल्स द गॉलला उतरायचं आणि हॉटेलचा चेक-इन दुपारी तीननंतर म्हणून तिथूनच कोचमध्ये बसवून पॅरिस दर्शन. कॉन्कॉर्ड चौक, शांझ एलिझे वगैरे काचेतून, मग आयफेल, मग सीन नदीतली क्रूझ, मग इंडियन जेवण आणि रात्री कधीतरी शहराबाहेरचं हॉटेल. म्हणजे ना अंघोळ ना पाठ टेकायला जागा. टूरवाल्यांना विचारलं तर "मॅडम, आमच्याकडे सगळे सिनियर सिटिझनच असतात, मस्त एन्जॉय करतात," विषय संपला.

खरा प्रश्न बाबांचा. त्यांना बीपीसाठी लघवीची गोळी आहे, सकाळी घेतली की पुढचे दोन-तीन तास सारखं जावं लागतं. शुगरपण आहे (इन्सुलिन नाही, गोळ्याच). आणि ते काय करणार ते मला आत्ताच माहितीये, पाणीच पिणार नाहीत. पुण्याहून कोल्हापूरला एसटीने जातानासुद्धा तेच, बाटली मांडीवर आणि ओठ कोरडे, कारण मधेच बस थांबवायला सांगायची लाज वाटते. कोचमध्ये टॉयलेट असतं म्हणतात, ते वापरू देतात का? शहरात फिरताना कुठे थांबवतात? आणि आयफेलला रांगेत किती उभं राहावं लागतं? ज्यांनी आईवडिलांना असं पाठवलंय त्यांनी प्लीज सांगा, "काळजी करू नका" सोडून काहीही चालेल.

भटकी_मावशी: अगं, कोचमधल्या टॉयलेटच्या भरवशावर अजिबात राहू नका, असलं तरी बहुतेक कुलूपच असतं. गंमत म्हणजे हायवेचे दिवस त्यामानाने बरे. ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावंच लागतं, युरोपात तो कायदाच आहे आणि गाडीतल्या यंत्रात सगळं नोंदलं जातं, त्यामुळे थांबे नक्की मिळतात. अवघड असतो तो शहराचाच दिवस, कारण कोच तुम्हाला उतरवून निघून जातो. तेव्हा विमानतळावर सामान घेतलं की बस दिसायच्या आधी जाऊन यायचं, यायची भावना असो नसो. आयफेलला प्रत्येक मजल्यावर टॉयलेट आहेत. रस्त्यावर राखाडी पेट्यांसारखी पब्लिक टॉयलेट्स दिसतील, ती फुकट असतात पण आधीचा माणूस बाहेर आला की दार लागून आतून आपोआप धुतली जातात. आपले लोक चांगुलपणाने दार धरून ठेवतात आणि पुढचा घाईने आत शिरतो, मग आत शॉवर. बाबांना हे आवर्जून सांगा.

कोल्हापुरी_डॉक: ताई, लघवीच्या गोळीची वेळ प्रवासाच्या दिवसापुरती मागेपुढे करता येते का ते त्यांच्याच डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. मे महिन्यात पॅरिस आपल्या साडेतीन तास मागे असतं, म्हणजे तो दिवस तेवढा लांबणार. शुगरची गोळी घड्याळाकडे बघून नाही तर जेवणाशी जोडून कशी घ्यायची हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. खिशात बिस्किटं हवीतच, कारण इंडियन लंच म्हणता म्हणता तीन वाजतात. औषधं आणि प्रिस्क्रिप्शन केबिन बॅगेत. आणि पाणी कमी पिऊन विमान अधिक बस अधिक रांग, हे वयस्कर माणसाला चक्कर आणायला पुरेसं आहे, हे माझं नाव सांगून त्यांना ऐकवा हवं तर.

सामान_कमी: व्हीलचेअर दोघांसाठी आत्ताच बुक करा, लाज सोडून. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या) सीमेवर नवीन नोंदणी सुरू झालीये, पहिल्यांदा जाणाऱ्यांना रांगेत बराच वेळ जाऊ शकतो. पण व्हीलचेअरची सोय विमानतळाच्या दारापर्यंतच, पुढे बसमध्ये नाही. आणि रात्रीच्या लायटिंगचं टूरवाल्यांना लेखी विचारा. मे अखेरीस तिथे सूर्यच पावणेदहाला मावळतो, आयफेल चमचमतो तो त्यानंतर, दर तासाला पाच मिनिटं. पहिल्याच रात्री तेवढ्यासाठी थांबवलं तर हॉटेल गाठायला बारा. मी असतो तर लायटिंग सरळ सोडून दिलं असतं.

मी (धागाकर्ती): सगळ्यांचे खूप आभार! टूरवाल्यांना फोन केला, लायटिंग खरंच पहिल्याच दिवशी आहे म्हणे. नको असेल तर स्वतःच्या खर्चाने टॅक्सीने हॉटेलला जा, हे उत्तर. डॉक्टरांची वेळ घेतलीये. आईने पेढे आणि साजूक तूप काढून ठेवलंय, ते नेऊ देतात का?

भटकी_मावशी: नाही गं. बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे, तूप-पेढे त्यातच. चिवडा, चकली, खाकरा न्या. आणि टॅक्सीचं बोलणं आत्ताच पक्कं करून ठेवा, हॉटेलचा पत्ता छापून दोघांच्याही खिशात वेगवेगळा. रात्री दहाला टूर मॅनेजरला चाळीस माणसं सांभाळायची असतात, तो तुमच्या बाबांसाठी टॅक्सी शोधत बसणार नाही.