अनुभव धागा: खारी हवा, ओला कातळ आणि फुल सस्पेन्शन ट्रेल बाइक

कातळवाट:
पुढे फोर्क आणि मागे शॉक, असे दोन्ही चाकांचे दणके झेलणारे भाग असलेल्या ट्रेल बाइक, म्हणजे डोंगरवाटांच्या सायकली, मुंबईत आता बऱ्यापैकी दिसू लागल्या आहेत. त्यांच्याविषयी वाचायला मिळतं ते मात्र बहुतेक थंड, कोरड्या मुलखांतलं. इथे बाइक समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते, पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि वाट म्हणजे काळा कातळ, त्यावर शेवाळ. म्हणून हा धागा.

एकच विनंती. कुठे गेलात, सूर्योदय कसा दिसला, हे दुसऱ्या धाग्यावर. इथे आकडे, सुटे भाग, काय बिघडतं आणि का, एवढंच. बोलायला एक माप हवं म्हणून पुढे १५० मिमी, मागे १४० मिमी ट्रॅव्हल (चाक दबण्याचं अंतर), २९ इंची चाकं, एअर शॉक (हवेच्या दाबावर चालणारा), ॲल्युमिनियम फ्रेम असं धरू. तुमची बाइक वेगळी असेल तर तसं लिहा.

सॅगमास्तर:
‘शॉक कडक आहे’, ‘शॉक बोगस आहे’ अशा तक्रारींपैकी निम्म्या तरी सॅग, म्हणजे आपल्या वजनाने शॉक किती दबतो ते माप, न लावल्याच्या असतात. शॉकवर २१०x५५ असं काही छापलेलं असतं. त्यातला दुसरा आकडा म्हणजे स्ट्रोक, शॉक स्वतः जास्तीत जास्त किती मिलिमीटर दबतो ते. मागे ३० टक्के सॅग ठेवायचा, म्हणजे ५५ पैकी साडेसोळा मिलिमीटर. पुढे २० टक्के, म्हणजे १५० पैकी ३०. बूट, हेल्मेट, पाण्याची पिशवी सगळं अंगावर घालून मोजा, नुसत्या बर्म्युड्यावर नको. काही कंपन्या बसून मोजायला सांगतात, काही पेडलवर उभं राहून. मॅन्युअल बघा, पण आज बसून आणि उद्या उभं राहून अशी भेसळ करू नका. शॉकच्या दांड्यावरची रबरी ओ-रिंग सीलपर्यंत ढकला, हळूच वजन टाका, न उसळता हळूच उतरा, मग मोजा.

हवा भरायचीही रीत आहे. दर ५० पीएसआयला थांबून शॉक दहा वेळा सावकाश दाबा. आत दोन कप्पे असतात, पॉझिटिव्ह आणि त्याच्या विरुद्ध ढकलणारा निगेटिव्ह. दाबल्याशिवाय हवा निगेटिव्ह कप्प्यात जात नाही. एका दमात २०० भरले की पहिल्याच खड्ड्यानंतर हवा वाटली जाते, दुसऱ्या दिवशी १७० दिसतात आणि दुकानदाराला फोन जातो की शॉक गळतो. शिवाय पंप लावला की शॉकमधली थोडी हवा नळीत शिरते, म्हणून नुसतं तपासायला लावलेला पंप नेहमी कमीच दाखवणार. काढताना फुस्स होतं ती नळीतली हवा. शॉकमधली नव्हे.

आणखी एक, खास आपल्याकडचं. एसी लावलेल्या खोलीत २४ अंशांना सॅग लावला आणि बाहेर ३६ अंश असलं, तर दाब साधारण ४ टक्के चढतो. २०० वर आठेक पीएसआय. एवढ्यानेही ओ-रिंग किंचित अलीकडे थांबायला लागते. बाल्कनीत किंवा पार्किंगमध्ये लावा.

रिबाउंडसाठी, म्हणजे दबलेला शॉक परत वर येण्याच्या वेगासाठी, मैदान वगैरे शोधायची गरज नाही, मुंबईचे फूटपाथ पुरेसे उंच आहेत. बसल्या बसल्या फूटपाथवरून खाली उतरा. शॉक दबून एकदाच वर यायला हवा. दुसऱ्यांदा झुलला तर रिबाउंड एक क्लिक हळू करा. फार हळू झाला की पायऱ्यांसारख्या कातळावर शॉक प्रत्येक दणक्याला थोडा खालीच राहतो आणि चौथ्या दणक्याला ट्रॅव्हल उरत नाही. लोकांना वाटतं हवा कमी आहे, ते हवा भरतात, आणि बाइक आणखी आदळते. नॉब पूर्ण बंद करून तिथून क्लिक मोजा आणि आकडा टॉपट्यूबखाली टेपवर लिहून ठेवा.

सॅग बरोबर असूनही शॉक तळाला लागत असेल तर आत व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करणारे तुकडे) वाढवा. नेहमीच्या वाटेवर शेवटचे पाच-सहा मिमी उरत असतील तर तिथे हात लावू नका. ते मोठ्या चुकीसाठी असतात.

एकस्प्रिंगी:
मूळ प्रश्न कुणीच विचारत नाही. लागते का ही बाइक? आरेतले रस्ते, गोराई-उत्तन, कान्हेरीचा डांबरी रस्ता यांना १२० मिमी फोर्कची हार्डटेल (मागे शॉक नसलेली सायकल) आणि २.४ इंची टायर भरपूर झाले. राष्ट्रीय उद्यानात डांबर सोडून सायकल घालायची नाहीच, वनखातं अडवतं आणि बरोबरच करतं. मग दीड-दोन किलो जास्तीचं वजन आणि आठ-दहा बेअरिंगं कशासाठी पोसायची?

कातळवाट:
शहरापुरतं तुमचं म्हणणं मान्य. कर्जत किंवा लोणावळ्याकडच्या सुट्या दगडांच्या चढावर मात्र फरक आरामाचा नसतो, पकडीचा असतो. हार्डटेलचं मागचं चाक दगडावर उडतं आणि तेवढी पेडलची ताकद वाया जाते. उतारावर ब्रेक दाबलेलं चाक हवेत असेल तर तो ब्रेक नसल्यातच जमा. महिन्यातून दोनदा तरी तिकडे जाणार नसाल तर हार्डटेलच घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या फोर्कवर घाला.

ग्रीसगन:
आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. मुंबईत फुल सस्पेन्शन बाइक दगडांनी मरत नाही, पिव्हटच्या, म्हणजे फ्रेमच्या हलत्या सांध्यांच्या, बेअरिंगांनी मरते.

ही बेअरिंगं चाकातल्यासारखी गरगर फिरत नाहीत. दहा-वीस अंशांत मागेपुढे डुलतात. त्यामुळे ग्रीस सगळीकडे पसरत नाही, तेच दोन-तीन बॉल त्याच जागी घासतात, आणि सीलमधून खारट ओल शिरली की तिथेच गंज धरतो. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस फिरतो त्या जागेच्या) वरचा मेन पिव्हट सगळ्यात आधी जातो, कारण मागच्या चाकाचा चिखल थेट त्याच्यावर उडतो.

तपासणी फुकट आहे. शॉकची हवा सोडा, शॉकचा एक बोल्ट काढा, मागचं चाक काढा आणि मागचा त्रिकोण (फ्रेमचा मागचं चाक धरणारा भाग) हाताने वर उचलून सोडा. आपल्या वजनाने तो गुळगुळीत खाली यायला हवा. मध्येच अडला, खरखरला तर लिंक एकेक सुटी करून बोटाने बेअरिंग फिरवा. शॉक जागेवर असताना सीट धरून बाइक किंचित उचलल्यावर ‘टक’ असं ऐकू आलं, तर बहुधा शॉकच्या डोळ्यातलं (टोकाच्या बोल्टच्या भोकातलं) बुश झिजलं आहे. ते स्वस्त काम आहे, आधी तेच बघा.

अजून न गंजलेलं बेअरिंग वाचवता येतं. ब्लेडच्या टोकाने रबरी सील अलगद उचला. आतल्या कडेकडून उचला, बाहेरच्या कडेने सील वाकतं. रॉकेलमध्ये धुवा, पूर्ण वाळू द्या, मरीन ग्रीस काठोकाठ भरा, सील बोटाने दाबून बसवा. काठोकाठ हे मुद्दाम लिहिलं. वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगात एवढं ग्रीस चुकीचं ठरतं, इथे बरोबर आहे, कारण ते पाण्याला जागाच ठेवत नाही.

बदलायचं असेल तर नंबर वाचून घ्या. ६९०२ म्हणजे १५x२८x७ (आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी, सगळं मिमीत), ६९०० म्हणजे १०x२२x६, ६८०२ म्हणजे १५x२४x५. नागदेवी स्ट्रीटवर हे नंबर टू-आर-एस, म्हणजे दोन्ही बाजूंच्या रबरी सीलमध्ये मिळतात. पण दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. पिव्हटसाठी पिंजरा नसलेलं, बॉलनी गच्च भरलेलं ‘मॅक्स’ बेअरिंग असतं. बाजारातलं साधं बेअरिंग बसतं, पण कमी टिकतं. आणि काही फ्रेममध्ये आतली रिंग एका बाजूला पुढे आलेली असते. ते कंपनीकडूनच मागवावं लागतं, साधं घालून वर वॉशर लावायचा जुगाड करू नका. बसवताना हातोडी नको. थ्रेडेड रॉड, दोन नट आणि बाहेरच्या रिंगएवढा सॉकेट घेऊन सरळ ओढून घ्या. आतल्या रिंगवर दाब दिला तर नवं बेअरिंग बसता बसताच खराब झालं समजा.

बोल्टच्या आट्यांवर निळा थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक), गुळगुळीत दांड्यावर ग्रीस. उलट केलंत तर बोल्ट सैल होईल आणि दांडा गंजून फ्रेमला चिकटेल. टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा ते, प्रत्येक पिव्हटला वेगळा असतो, फ्रेमच्या पुस्तकातून घ्या. टॉर्क रेंच नसेल तर या उद्योगात पडू नका.

वेळापत्रक सोपं आहे. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करताच, त्याच्या आदल्या रविवारी सगळा मागचा त्रिकोण उघडा. पावसात चालवत असाल तर मेन पिव्हट ऑगस्टमध्येही एकदा.

नवाचाक:
पेट्रोल पंपावर प्रेशरच्या पाण्याने धुतली तर चालेल ना? चिखल पटकन निघतो.

ग्रीसगन:
नाही. तो फवारा सीलच्या ओठाखालून पाणी आत घालतो. बादली, मऊ ब्रश, वरून ओतलेलं पाणी. धुतल्यावर फडक्याने पुसा आणि शॉक वीसेक वेळा दाबून सीलभोवती आलेलं पाणी टिपून घ्या.

फोर्कचंही इथेच सांगतो. लोअर्स (फोर्कच्या खालच्या नळ्या) काढून तेल बदलायचा पुस्तकी आकडा साधारण ५० तास. पावसाळ्यात ३० धरा. लोअर्समध्ये तेल असतं जेमतेम दोन-चार चमचे, प्रत्येक बाजूचे मिलिलिटर मॉडेलप्रमाणे बदलतात. आधी हवा सोडा, मग खालचे बोल्ट तीन-चार आटे सैल करून रबरी हातोडीने ठोका. सीलखालच्या फोमच्या रिंगा धुऊन तेलात भिजवा, बोल्टचे वॉशर नवे घाला. निघालेलं तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, सीलही बदला.

बाभूळकाटा:
टायर. २९x२.४ ला १०० ते १२० मिली सीलंट (ट्यूब नसलेल्या टायरमध्ये ओतायचा, भोकं बुजवणारा द्रव). बाटलीवर तीन-चार महिने लिहिलेलं असतं, एप्रिल-मेच्या उन्हात दोन महिन्यांत वाळतं. चाक कानाजवळ हलवा, खळखळलं नाही तर संपलं. ७०-७५ किलोच्या माणसाला पुढे २२, मागे २५ पीएसआय. ओल्या कातळावर दोन्हीकडे दोन कमी.

नक्षीपेक्षा रबराचा मऊपणा जास्त कामाचा. ओल्या बेसॉल्टवर कडक रबराचा मोठ्या गुठळ्यांचा टायर साबणासारखा सरकतो. पुढे मऊ कंपाउंड, मागे थोडं कडक, कारण मागचा झिजतो लवकर. शेवाळावर कुठलाच टायर धरत नाही. तिथे ब्रेक नाही, वळण नाही, हँडल सरळ.

बाभळीचा काटा सापडला की घाईने उपटू नका. पंप आणि प्लग (भोकात ठासायची पट्टी) हातात घ्या, मग काढा आणि भोक खाली येईल असं चाक फिरवा. सीओटू काडतूस शेवटचा उपाय, त्याने लॅटेक्सचं सीलंट गोठतं. व्हॉल्व्हचा एक जादा कोर खिशात असू द्या.

डॉटविरोधक:
ब्रेकचं थोडक्यात. ब्रेकमध्ये डॉट द्रव असतो किंवा मिनरल ऑइल. डॉट द्रव हवेतली ओल पितो आणि त्याचा उकळबिंदू उतरतो. आपल्या हवेत वर्षातून एकदा ब्लीड करा (जुना द्रव काढून नवा भरा), उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. डॉट ५.१ मोटारींच्या दुकानात मिळतं. नुसतं ‘डॉट ५’ सिलिकॉनचं असतं, ते नको. मिनरल ऑइलवाल्या ब्रेकमध्ये डॉट किंवा डॉटवाल्यात मिनरल गेलं तर सील फुगतात आणि हातातला लिव्हर आणि चाकाजवळचा, पॅड दाबणारा कॅलिपर दोन्ही बदलावे लागतात. मिनरल ऑइल पाणी पीत नाही, पण आत गेलेलं पाणी खाली कॅलिपरमध्ये साचतं, जिथे सगळ्यात जास्त तापतं. म्हणून ब्लीडपासून त्यांनाही सुटका नाही.

पावसात मेटॅलिक पॅड लावा. कोकलतात, पण टिकतात. रेझिनचे पॅड चिखलात एका लांब उतारात संपू शकतात. नवे पॅड तासाला वीस किलोमीटरच्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत वीस वेळा दाबून बसवा, मध्ये पूर्ण थांबू नका. आणि सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या दादांना प्रेमाने सांगा की हिला हात लावू नका. त्यांच्या फडक्यावर पॉलिश असतं. ते रोटरला (ब्रेकच्या चकतीला) लागलं की पॅड फेकायचे.

बाइक गाडीच्या डिकीत घालायला चाक काढलं तर कॅलिपरमध्ये प्लास्टिकचा तुकडा अडकवा. चाक नसताना लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात.

दातरी:
नवी फ्रेम घेताना यूडीएच हँगर (गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर लावतात तो सामायिक मापाचा तुकडा) आहे का ते बघा. २०१९ पासून आलेलं हे माप आता बऱ्याच फ्रेमना चालतं, जुन्या खास हँगरसाठी महिनाभर वाट बघावी लागते. त्याच्या बोल्टचे आटे उलटे असतात, टॉर्क २५ न्यूटन-मीटर. चेनची लांबी शॉकची हवा सोडून, सस्पेन्शन पूर्ण दाबून मोजा, कारण दबताना मागचं चाक बॉटम ब्रॅकेटपासून लांब जातं. आखूड चेन डिरेलर उपटते. १२ स्पीडची चेन ०.५ टक्के ताणली की बदला, नाहीतर कॅसेटही (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) बदलावी लागेल आणि तिची किंमत ऐकून बसाल.

सातवामजला:
कुणी ठेवण्याविषयी लिहिलं नाही. मोठ्या मापाची २९ इंची बाइक मागच्या चाकावर उभी केली की जवळपास दोन मीटर होते. लिफ्टचं दार आणि आतली उंची आधी मोजा. पार्किंगमध्ये प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर बरी. भिंतीवर उभी टांगली असेल तर निघण्याआधी लिव्हर दहा वेळा दाबा, बुडबुडे वर येतात.

जुनीबाजार:
सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी. फोर्कच्या नळ्यांवरून आणि शॉकच्या दांड्यावरून नख फिरवा. नख अडलं तर सौदा तिथेच थांबवा. चेनस्टे (चेनशेजारची नळी) पिव्हटजवळ आणि हेडट्यूबखाली (हँडलखालच्या नळीखाली) टॉर्च मारून चिरा बघा. बेअरिंगची जागा फ्रेममध्ये सैल झाली असेल तर नवं बेअरिंग घालूनही उपयोग नाही. शॉकचं मॉडेल लिहून घ्या आणि त्याचा सील किट आज मिळतो का ते विकत घेण्याआधी विचारा. फ्रेमची वॉरंटी बहुतेक वेळा पहिल्या मालकापुरतीच असते.

नवाचाक:
धन्यवाद. माझी चढावर कुरकुर करते, म्हणजे मेन पिव्हट गेला का?

ग्रीसगन:
लगेच उघडू नका. उभं राहून पेडल मारल्यावर आवाज थांबला तर सीट आणि ड्रॉपरचा (खालीवर होणाऱ्या सीटच्या दांड्याचा) क्लॅम्प. थांबला नाही तर मागचा ॲक्सल काढून पुसा, ग्रीस लावा, टॉर्कने घट्ट करा. मग हँगर, मग क्रँकचे बोल्ट. एवढं करूनही कुरकुर राहिली तर पिव्हट, आणि तेव्हा आधी शॉकचा बोल्ट काढून मागचा त्रिकोण हाताने हलवून बघा.