मागे पडलेल्या कन्सोल कंपनीने पुढचं मशीन कसं काढावं?

मिठमुंबरीकर (देवगड)
मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सने २०२४ मध्ये स्वतःचे चार गेम सोनीच्या प्लेस्टेशन आणि निन्टेन्डोच्या स्विचवाल्यांना देऊन टाकले, म्हणजे हार्डवेअरचं (गेम खेळायच्या मशीनचं, कन्सोलचं) पाणी कुठवर आलंय ते दिसतंच आहे. आता पुढचं मशीन स्वस्त, बिनडिस्कचं असावं की एकच दणकट? आपल्या किनारपट्टीचा हिशोब धरून सांगा. फायबर सगळीकडे नाही, पाऊस इलो की लाईट गेली, वर खारा वारा.

सर्किटवाला (रत्नागिरी)
दोन मॉडेल काढायची तर ग्राफिक्स कापा, रॅमला (चालू गेम ज्या मेमरीत बसतो तिला) हात लावू नका. एक्सबॉक्सची स्वस्त सिरीज एस ४ टेराफ्लॉपची (ग्राफिक्सची ताकद), महागडी सिरीज एक्स १२ ची. तेवढ्यावर अडत नाही, रिझोल्यूशन उतरवलं की भागतं. घोडं अडलं ते रॅमपाशी. एक्सला १६ जीबी, एसला १०. त्यातही ८ जीबी सेकंदाला २२४ जीबीच्या वेगाने चालते आणि उरलेली २ फक्त ५६ च्या. रिझोल्यूशन कमी केलं की टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) हलके ठेवता येतात, पण खेळातलं जग, पात्रांची हालचाल, फिजिक्स यांना जागा तेवढीच लागते. बाल्डर्स गेट ३ या गेमचा स्प्लिट-स्क्रीन (एकाच पडद्यावर दोघांचा खेळ) एसवर बसेना, दोन्ही मॉडेलवर सुविधा सारख्याच हव्यात हा कंपनीचाच नियम. पीएस५ (प्लेस्टेशन ५) वर सप्टेंबर २०२३ ला आलेला गेम एक्सबॉक्सवर डिसेंबरात आला, तोही एसवर स्प्लिट-स्क्रीन वगळून. स्वस्त मॉडेलची काटकसर महागड्याच्या गिऱ्हाइकालाही भोवली.

जुनाट_जॉयस्टिक (सावंतवाडी)
रॅमचं पटलं, पण कंपन्या नुसत्या रॅमने बुडत नाहीत. सेगाने आपल्या सॅटर्न कन्सोलमध्ये दोन एसएच-२ प्रोसेसर घातले, प्रोग्रामर वैतागले. १९९५ ला अमेरिकेत किंमत ३९९ डॉलर, समोर प्लेस्टेशन २९९ ला. सेगाचा पुढचा कन्सोल ड्रीमकास्ट सुटसुटीत होता, पण तोवर तिजोरी आणि पत दोन्ही आटली होती. मार्च २००१ अखेर उत्पादन बंद. निन्टेन्डोचा वी यू जेमतेम १ कोटी ३५ लाख खपला. मग त्यांनी घरचं आणि हातातलं मशीन एक केलं, चिप एनव्हिडियाची तयार टेग्रा एक्स१ घेतली आणि २०१७ ला स्विच आणला. पण त्यांचे गेम दुसरीकडे मिळत नाहीत. ज्याने आपले गेम सगळीकडे वाटलेत त्याला हा कित्ता जसाच्या तसा गिरवता येणार नाही. त्याच्या मशीनला गेमखेरीज दुसरं कारण हवं.

मिठमुंबरीकर
मग डिस्कचं काय?

सर्किटवाला
ड्राइव्ह वेगळा जोडता येईल असा ठेवावा, पीएस५ स्लिमसारखा. तो पहिल्यांदा जोडताना नेट लागतं, मोबाईल हॉटस्पॉटवर काम होतं. १०० जीबीचा गेम २० एमबीपीएसवर उतरवायला सलग ११ तास. रोजच्या २ जीबीच्या पॅकवर ५० दिवस! (डिस्क घेण्याआधी तिच्यात पूर्ण गेम आहे का ते बघा, काहींमध्ये गेम नेटवरून उतरवायची नुसती चावी असते.) स्टोरेजला साधा एम.२ स्लॉट (बाजारातली कुठलीही एसएसडी बसेल असा) द्यावा. स्वतःच्या साच्याचं कार्ड म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशाला दुसऱ्यांदा कात्री.

खारावारा (वेंगुर्ला)
सिरीज एसमध्ये एक गोष्ट नामी आहे, ती टाकू नये. खेळताना साधारण ८० वॅट, पीएस५ ला २०० च्या आसपास. इन्व्हर्टरवर जगणाऱ्या घरात हा फरक मोठा.

खाऱ्या हवेचं म्हणाल तर पंखा मीठ आत ओढतो. मीठ ओल धरून ठेवतं, मग एचडीएमआय पोर्टच्या पिना हिरव्या पडतात आणि पंख्याचं बेअरिंग घरघरतं. कंपनीने बोर्डाला कोटिंग द्यावं, पण कनेक्टर आणि हीटसिंकची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांची) बैठक सोडून. नायतर उष्णता आतच कोंडते. धूळ-जाळी काढून धुता येईल अशी हवी. तुंबली की पंखा उलट जास्त पळतो.

आहे ते मशीन टिकवायचं तर बंद करून, वायर काढून पोर्टला ब्रशने थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. गरम असताना प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो. इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर ठेवा; साध्या मोडवर बदलीला वेळ लागतो आणि मशीन रिस्टार्ट होतं.